जाळी विरघळल्यावर

खोकला यायच्या आधीच दिगंबररावांचा उजवा हात पोटावर जाऊन बसलेला असे. आधी हात, मग खोकला, हा क्रम गेली पाच वर्षं कधी चुकला नव्हता. शिंक आली तरी तेच, ऑटो खड्ड्यातून उसळली तरी तेच, आणि टीव्हीवर फुटबॉलच्या सामन्यात कोणी चेंडूला जोरात लाथ मारली तरी तेच. कालिंदीबाई म्हणायच्या, "अहो, तुमचा हात म्हणजे पेपरवेट झालाय नुसता. उचललात तर पोट उडून जाईल जसं काही."

यावर दिगंबरराव हसत नसत, कारण त्यांना खरोखरच तसं वाटत होतं.

हा माणूस मुळात असा नव्हता. मिरजेचा दिगंबर पाटणकर रेल्वेत लागला, चार ठिकाणी बदल्या झाल्या आणि शेवटी कोलकात्याला गार्डन रीचच्या मुख्यालयात येऊन स्थिरावला. बदलीच्या नोकरीवाल्यांचं विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं आपण नुसतं म्हणतो. यांनी ते पाठीवरून खरोखर वाहिलं होतं. गोदरेजचं कपाट एका हमालाच्या साथीनं तीन जिने चढवलेलं, आणि वर पोचल्यावर हमालालाच पाणी पाजलेलं. कोलकात्यात मराठी घरं ती किती, पण ज्याच्या त्याच्या घरी सामान हलवायचं झालं, मंडळाच्या गणपतीची मूर्ती टेम्पोतून उतरवायची झाली, की "दिगूला बोलवा" हे ठरलेलं. पायाला भिंगरी लागलेला गडी. जेवायला बसला तरी गुडघा हलत राहायचा, आणि ताटातला शेवटचा घास तोंडात असतानाच उठून उभा. त्याला आपल्या ताकदीचा गर्व होता, आणि तो गर्व त्याला शोभूनही दिसायचा, हे मान्य केलं पाहिजे.

मग निवृत्तीच्या थोडं आधी आतड्याला पीळ पडला. तातडीनं पोट फाडावं लागलं, जखमेत पू झाला, महिनाभर ड्रेसिंग चाललं. त्यातून उठले ते वाळलेल्या शेवग्यासारखे. आणि वर्षभरानं एका सकाळी अंथरुणातून उठताना त्याच व्रणाच्या मधोमध मुठीएवढा फुगवटा वर आला. आडवं झालं की आत, उठलं की बाहेर. हर्निया.

डॉक्टर लाहिरी या सर्जनबाईंनी दुसरं ऑपरेशन केलं. बाई बुटक्या, गोल चष्म्याच्या, बोलायला लागल्या की हिंदी आणि बंगाली एकाच वाक्यात कालवणाऱ्या. त्यांनी आधी समजावून सांगितलं होतं, की पोटाच्या आत जाळी बसवावी लागेल. एरवी कायमची जाळी घालतात, पण इथं आधी पू झालेला. अशा जागी परकी वस्तू कायमची ठेवली तर ती पुन्हा चिघळायची भीती. म्हणून विरघळणारी जाळी.

"विरघळणारी?" दिगंबररावांना ऐकूनच कसंतरी झालं.

"स्लॅब टाकताना खालून सेंटरिंग लावतात ना, दादा? काँक्रीट घट्ट झालं की सेंटरिंग काढून घेतात. ही जाळी तशीच. दीडेक वर्षात पूर्ण विरघळून जाईल. तोवर तुमचं स्वतःचं मांस तिच्या आधारानं भरून येईल."

"आणि ती गेल्यावर पोट कोण धरून ठेवणार?"

"आप ही," डॉक्टरबाई हसून म्हणाल्या.

या दोन शब्दांनी दिगंबररावांच्या जिवाला घोर लावला. आयुष्यभर कपाटं उचलणाऱ्या माणसाचा स्वतःवर एवढा अविश्वास का बसावा, देव जाणे. पण एकदा स्वतःच्याच पोटानं दगा दिला की त्याच्याशी पुन्हा सलोखा होणं सोपं नसतं. जाळी आत होती तोवर ते बरे होते. ती आहे, या विचारावर झोप लागायची. दीड वर्ष संपत आलं तशी मात्र त्यांची तगमग वाढत गेली. शेवटच्या दिवसांत तर घरात सुतक असल्यासारखे बसायचे. कालिंदीबाईंनी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाले, "काही नाही. जाळी संपली असेल आज-उद्या." जणू घराजवळच्या बेहाल्याच्या बाजारातलं रॉकेल संपलं.

त्यानंतर उरला फक्त पट्टा. ऑपरेशननंतर काही आठवडे पोटाला आधाराला पट्टा बांधा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दुकानातला पट्टा कोलकात्याच्या घामात टोचायचा, म्हणून कालिंदीबाईंनी घरीच शिवला. त्यांच्या माहेरी इचलकरंजीला बाळंतिणीचं पोट जुन्या लुगड्यानं बांधायची रीत. मुलाच्या, सारंगच्या वेळी त्यांच्या आईनं त्यांना असंच बांधलं होतं. तेच आईचं मऊ झालेलं इरकली लुगडं त्यांनी ट्रंकेतून काढलं, चार पदरी घडी घातली, टीप मारली, बंद लावले. लाल काठ मुद्दाम खालच्या कडेला ठेवला, म्हणजे उलटं-सुलटं कळावं. एक धुण्यात आणि एक अंगावर, असे दोन. डॉक्टरांचे काही आठवडे संपले, वर्षं गेली, पण दिगंबररावांनी शर्टाखालचा पट्टा सोडला नाही. साठीतला पुरुष बाळंतिणीच्या थाटात वावरत होता, आणि हे घराबाहेर कुणालाही ठाऊक नव्हतं.

बाहेर तर त्यांनी उलटंच पिकवून ठेवलं होतं. "जाळी बसवलीय आत. लोखंड झालंय पोटाचं," असं ते ऑपरेशननंतर मंडळात छाती काढून सांगत. जाळी विरघळणारी आहे हे त्यांनी सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नाही. आता कुणी "दिगू, जरा हात लाव" म्हटलं की कधी पाठीत उसण भरलेली असायची, तर कधी फोन यायचा. बोलाचीच कढी, बोलाचाच भात.

घरात मात्र वजनं होतीच. तिसरा मजला, लिफ्ट नाही. गॅसवाला सिलिंडर खालीच टाकून जाणार, पंप बिघडला की पाणी खालून आणायचं, तांदळाचं पोतं, गावाला जायच्या बॅगा. सारंग पुण्याला नोकरीला, तो वर्षातून एकदा येणार. हे सगळं आपोआप कालिंदीबाईंकडे गेलं. कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही. त्या पदर खोचायच्या आणि उचलायच्या. दिगंबरराव पुढं होऊन दार धरायचे.

हॉस्पिटलातून दर वर्षी फोन येई. अशी जाळी घातलेल्यांचं पुढं काय होतं, कुणाचं टिकतं, कुणाचं पुन्हा उघडतं, याची ते लोक वर्षानुवर्षं चौकशी ठेवत. पहिली दोन वर्षं दिगंबरराव तपासणीला गेले. पुढं मात्र हात दाखवून अवलक्षण कशाला, असं म्हणून त्यांनी जाणं सोडलं. फोनवरची मुलगी विचारायची, दुखतं का, फुगवटा येतो का, जड उचलता का? दिगंबरराव प्रत्येक प्रश्नाला "ठीक है, ठीक है" म्हणून फोन ठेवायचे आणि मग दिवसभर येरझाऱ्या घालायचे. न जाण्यानं शांतता मिळाली असती तर एक वेळ समजलं असतं. मिळाली तीही नाही.

अशात सानिकाचं लग्न ठरलं.

सानिका म्हणजे त्यांची एकुलती एक भाची, बहीण अनुराधाची मुलगी. अनुराधाचे यजमान बँकेत होते, बदलीनं इथं आले आणि मेहुण्याच्या ओढीनं बेहाल्यातच फ्लॅट घेऊन राहिले. सानिका इथंच वाढली, त्यामुळं तिचं मराठी म्हणजे अर्धी भेळ. मुलगा अर्घ्य, बंगाली, तिच्याच ऑफिसातला. सकाळी मराठी पद्धतीनं लग्न आणि संध्याकाळी बंगाली पद्धतीनं, असं दोन्हीकडून ठरलं.

एका रविवारी ती मामाकडे आली आणि बसायच्या आधीच म्हणाली, "मामा, आठवतंय ना तुला? प्रॉमिस केला होतास."

आठवत होतं. सानिका लहान असताना ते तिला शेजारच्या एका बंगाली लग्नाला घेऊन गेले होते. नवरी पाटावर बसलेली, दोन्ही हातांनी विड्याची पानं चेहऱ्यासमोर धरलेली, आणि तिच्या भावांनी तो पाट उचलून तिला नवऱ्याभोवती सात वेळा फिरवलेलं. ते पाहून सानिका रडवेली झाली होती. मला सख्खा भाऊच नाही, मला कोण उचलणार? तेव्हा या गड्यानं तिला तिथंच खांद्यावर घेऊन सांगितलं होतं, "मी आहे ना. चौघं कशाला, एकटा उचलीन."

"अर्घ्यची ठाकुमा रोज विचारते," सानिका म्हणाली. ठाकुमा म्हणजे आजी. "'पिंडि के धोरबे?' पाट कोण धरणार? मी सांगितलं, माझा मामा. सारंगदादाला रजा नाही, पण बाकी तिघं आहेत, काकांचा अनिकेतदादा पुण्याहून येतोय, अर्घ्यचे नाही, माझे दोन मित्र आहेत. पण पुढचा उजवा कोपरा तुझा. तो मी कुणाला देणार नाही."

"म्हणजे काय, उचलणारच," दिगंबरराव म्हणाले. हात पोटावर होता.

ती गेली आणि घरात वावटळ शिरली. दिगंबरराव खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत. पाट केवढा असेल? शिसवी असला तर जड. त्यावर बनारसी शालू, दागिने, आणि सानिका काही काडी पहिलवान नाही. चार जणांत वाटलं तरी... आणि तिसऱ्याच फेरीला पोट उघडलं तर? आतडं बाहेर येईल ते येईल, पण हात सुटला, पाट कलला, भरल्या मांडवात भाची खाली आदळली तर? लोक जन्मभर म्हणतील, मामानं नवरी पाडली. अनुराधा काय म्हणेल? ठाकुमा तर अपशकूनच धरून बसेल. आणि नाही म्हणावं, तर का नाही, ते सांगावं लागणार. लोखंडाच्या पोटाचं पितळ उघडं पडणार.

"डॉक्टरकडे जा सरळ," कालिंदीबाई म्हणाल्या.

"आणि ती म्हणाली, उघडलंय, तर?"

"तर कळेल तरी. रोज थोडं थोडं मरताय त्यापेक्षा बरं."

"तुला काय जातंय बोलायला! पोट माझं आहे."

 कालिंदीबाई स्टुलावर बसून भाजी निवडत होत्या. हल्ली त्या ओट्याशी उभ्या राहायच्या ऐवजी बरीच कामं बसूनच करत, पण दिगंबररावांना ते दिसायला फुरसत कुठं होती?

त्याच आठवड्यात हॉस्पिटलचा फोन आला. पाच वर्षं पूर्ण झाली, या वेळी स्कॅन करायचा आहे. दिगंबररावांनी "ठीक है" सुरू केलं होतंच, तेवढ्यात कालिंदीबाईंनी फोन हातातून ओढून घेतला आणि आपल्या मोडक्या हिंदीत ठणकावून वेळ घेतली.

स्कॅन झाल्यावर दोघं डॉक्टर लाहिरींच्या समोर बसले. दिगंबररावांनी आल्याआल्याच भाचीच्या लग्नाचं आणि पाटाचं सांगून टाकलं. बाईंनी आधी त्यांना झोपवलं, शर्ट वर करायला सांगितला, आणि पट्टा बघून चष्माच काढला.

"ये क्या है, दादा?"

"आधाराला," दिगंबरराव पुटपुटले.

"पाच वर्षं?"

हसावं की रागवावं या पेचात बाई पडल्या. मग त्यांनी पट्टा सोडवला, डोकं वर उचलायला लावलं, खोकायला लावलं, व्रणाच्या कडेनं बोटं दाबत गेल्या. दिगंबररावांनी डोळे गच्च मिटले होते. परीक्षेच्या निकालाला सुद्धा हा माणूस एवढा घाबरला नसेल.

"उठा," बाई म्हणाल्या आणि स्कॅनची फिल्म उजेडात धरली. "जाळी कधीच गेली. तिच्या जागी तुमचं स्वतःचं चांगलं जाड भरून आलंय. कुठं फट नाही, फुगवटा नाही. हर्निया परतलेला नाही."

 दिगंबररावांनी शर्ट खाली ओढला आणि विचारलं, "म्हणजे आता कायमचं?"

"कायमचं मी कुणालाच लिहून देत नाही, दादा. काहींचं दोन वर्षांत पुन्हा उघडतं, काहींचं उशिरा. म्हणून तर आम्ही दर वर्षी फोन करतो, आणि तुम्ही ठीक है म्हणून ठेवून देता. आज घट्ट आहे, एवढं मी सांगते. बिघडलंय ते वेगळंच. या पट्ट्यानं तुमचे स्नायू आळशी करून ठेवलेत. सगळं काम पट्टा करणार, मग पोट कशाला करेल? तो टाका. व्यायाम देते, हळूहळू वजन उचलायला लागा. लग्नाला अजून वेळ आहे ना? पाटाचा एक कोपरा उचलाल की."

इतका वेळ गप्प बसलेल्या कालिंदीबाईंनी विचारलं, "हे असं बायकांनाही होतं का हो?"

"होतं की. बाळंतपणं झालेल्या बायकांना बेंबीपाशी पुष्कळ वेळा होतं. जड उचलत राहिलं की वाढतं. का?"

"डॉक्टर," दिगंबरराव मधेच म्हणाले, "सात फेरे असतात. थांबता येत नाही मधे. आणि पाट एका हातानं धरायचा की दोन्ही?"

डॉक्टरबाईंची नजर क्षणभर कालिंदीबाईंवर राहिली, मग त्यांनी दिगंबररावांना दोन्ही हातांनी आणि गुडघ्यात वाकून कसं उचलायचं ते दाखवलं. बाहेर पेशंटांची रांग होती.

घरी येताच दिगंबररावांनी दोन्ही पट्टे कचऱ्याच्या डब्यात टाकले. कालिंदीबाईंनी ते लगेच उचलून झटकले. "टाकताय काय? आईचं लुगडं आहे."

"राहू दे तर राहू दे," दिगंबरराव उदारपणे म्हणाले. आज त्यांना कशाचंच काही नव्हतं. बायकोचा चिकट स्वभाव, म्हणून त्यांनी सोडून दिलं.

आता वाटेल, माणूस सुधारला. छे! तगमगीनं फक्त कूस बदलली. आधी भीती होती की पोट फाटेल. आता भीती अशी की लग्नाच्या आधीच कुठल्या तरी फालतू वजनानं फाटेल. "एवढं घट्ट आहे ते लग्नापर्यंत जपलं पाहिजे," असं त्यांनी जाहीर केलं. म्हणजे सिलिंडर कालिंदीबाईंकडेच. पोतंही त्यांच्याकडेच. डॉक्टरांनी सांगितलेला सराव मात्र रोज. त्यासाठी देवघरातला मोठा पाट काढला. पाटावर वजन हवं म्हणून तांदळाची पिशवी. ती पिशवी स्वयंपाकघरातून आणून पाटावर ठेवायची कुणी? कालिंदीबाईंनी. सराव झाल्यावर परत नेऊन ठेवायची कुणी? त्यांनीच. दिगंबरराव घामाघूम होऊन म्हणायचे, "उद्या अजून थोडं वाढव." आणि त्या वाढवायच्या. एकदा पिशवी ठेवताना त्या भिंतीला टेकून थांबल्या तेव्हा यांनी विचारलं, "काय गं?" तर म्हणाल्या, "गॅसेस झालेत. तुम्ही उचला."

लग्न माघात होतं. बेहाला चौरस्त्याजवळचा भाड्याचा हॉल, दारावर रजनीगंधेच्या माळा. सकाळी अंतरपाट, मंगलाष्टकं, मामा नवरीच्या पाठीशी उभा. ते सहज पार पडलं. त्यात उभं राहण्यापलीकडं काही नसतं. दुपारचं जेवण दिगंबररावांना गेलं नाही. मासे आणि श्रीखंड एकाच पंगतीत बघून पुण्याच्या पाहुण्यांनी डोळे मोठे केले, हे हसण्यासारखं दृश्यही त्यांना दिसलं नाही. ते हॉलच्या गॅलरीत येरझाऱ्या घालत होते. पोटावर हात ठेवायचा नाही असं ठरवल्यामुळं हातांचं काय करावं तेच समजत नव्हतं.

संध्याकाळी शंख वाजला. बायकांनी जिभा हलवून उलूचा एकच कल्लोळ केला. लाल बनारसीतली सानिका पाटावर येऊन बसली, डोक्याला शोल्याचा, म्हणजे भेंडाचा, पांढरा मुकुट, हातांत विड्याची पानं. तिनं पानांच्या फटीतून मामाकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "मामा, पाडू नको हां."

"गप बस," दिगंबरराव म्हणाले. गुडघे वाकवले, दोन्ही हात पाटाखाली घातले. अनिकेत म्हणाला, "एक, दोन..." आणि पाट वर आला.

वजन हातात आलं, खांद्यात आलं, पोटात उतरलं. पोटात एक ओढ बसली आणि त्यांना दरदरून घाम फुटला. आता जातंय, आता जातंय, असं म्हणता म्हणता पहिला फेरा झाला. गेलं नाही. सानिकानं तोल सांभाळायला एका हातानं अनिकेतच्या खांद्याला धरलं होतं, अर्घ्य मधे उभा राहून वर बघत हसत होता, ठाकुमा खुर्चीवरून मोठ्यानं फेरे मोजत होती. दुसऱ्या फेऱ्यात त्यांनी देवाचं नाव घेतलं. तिसऱ्यात घेतलं नाही, कारण पाऊल अर्घ्यच्या मावशीच्या शालूत अडकलं होतं. त्यानंतर कधी तरी, नक्की केव्हा ते सांगता यायचं नाही, त्यांचं पोटाकडचं लक्षच सुटलं. ते नुसते भाचीला घेऊन चालत होते. पाच वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या मनात पोट नव्हतं. खांदे भरून आले होते, आणि त्यांना इतका आनंद झाला होता की डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

सातवा फेरा झाला. पाट नवऱ्यासमोर उंच धरला, सानिकानं पानं खाली केली, दोघांची नजरानजर झाली आणि हॉल दणाणला. मग पाट अलगद खाली. दिगंबरराव ताठ उभे राहिले. सगळं जागच्या जागी होतं. घट्ट!

अनुराधानं येऊन त्यांना मिठी मारली. ठाकुमानं लांबूनच हात वर करून आशीर्वाद दिला. पण हे ज्या बाईला दाखवायचं होतं ती कुठं आहे? बघितलंस का, असं विचारायला त्यांनी मान वळवली.

कालिंदीबाई खांबाजवळ उभ्या होत्या. होमाची तयारी चालू होती, धूर त्यांच्याच बाजूला जात होता. त्यांचा उजवा हात पोटावर गेला. बेंबीवर, तळवा दाबून. आणि मग त्यांना खोकला आला.

आधी हात, मग खोकला.

हा क्रम जगात दिगंबररावांइतका कुणाला माहीत असणार? ते जागच्या जागी थिजले. मग गर्दीतून वाट काढत तिकडे गेले. खोकताना कालिंदीबाईंच्या निऱ्या थोड्या सरकल्या होत्या, आणि जांभळ्या नारायणपेठीच्या वरून बोटभर लाल काठ डोकावत होता. इरकली.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

कालिंदीबाईंनी पदर ओढून काठ झाकला. "काय कधीपासून? किती छान उचललंत! मी तर बघतच राहिले."

"कालिंदी. कधीपासून?"

त्या हसल्या. ओशाळल्यासारख्या. "झाली दोन-अडीच वर्षं. लिंबाएवढं होतं आधी. आडवं झालं की आत जातं."

"आणि बोलली नाहीस?"

"तुमचं काय ते कळेपर्यंत थांबले होते. दोघंही पोट धरून बसलो असतो, तर सिलिंडर कुणी उचलला असता?"

हे त्या थट्टेनंच म्हणाल्या, त्यांची नेहमीची पद्धत. दिगंबररावांना मात्र तांदळाची पिशवी आठवली. "उद्या अजून थोडं वाढव." भिंतीला टेकलेली बायको आठवली. डॉक्टरांच्या खोलीतला तिचा प्रश्न आठवला, आणि त्याच्यावर आपण घातलेला सात फेऱ्यांचा प्रश्न. आपल्या घट्ट पोटाची त्यांना अशी लाज वाटली की खाली बघवेना. पाच वर्षं ज्या गोष्टीसाठी जीव टांगणीला लावला होता ती त्यांच्याच घरात, त्यांच्या शेजारी, रोज थोडी थोडी वाढत होती, आणि तिला वाढवायला दार धरून तेच उभे होते.

"डॉक्टरांनी मला काही विचारलं नाही हो," कालिंदीबाई उगाच म्हणाल्या. त्यांना नवऱ्याचा चेहरा बघवत नव्हता.

"त्यांनी विचारलं होतं. मी बोलू दिलं नाही," दिगंबरराव म्हणाले. "सोमवारी जायचं. तुला दाखवायला."

"अहो, सोमवारी सानिकाला सासरी..."

"सोमवारी जायचं. मी फोन करतो. आणि ठीक है म्हणणार नाही."

 होमाजवळ भटजींनी मंत्र सुरू केले होते, सानिका इकडेच बघत होती, मामाला बोलवत होती. लाह्या द्यायला कुणीतरी हवं होतं. दिगंबररावांनी तिला अनिकेतकडे बोट दाखवलं आणि ते खांबाशीच उभे राहिले. एक खुर्ची ओढून त्यांनी बायकोला बसवलं. ती बसताना किती सावकाश बसते, हे त्यांनी त्या दिवशी पाहिलं.

निघायच्या वेळी अर्घ्यच्या घरच्यांनी परंपरेप्रमाणे पिशवी भरून दिली, नारळ, संदेश मिठाईचे डबे, फळं. ती दाराशी ठेवलेली होती. टॅक्सी आली तशा कालिंदीबाई सवयीनं पदर खोचून वाकल्या आणि त्यांनी पिशवीच्या बंदाला हात घातला.

दिगंबररावांनी तो हात आधी सोडवला. मग गुडघे वाकवले आणि पिशवी उचलली. चांगलीच जड होती.